भार आला की स्पिनिंग रील खरखरते: दोष नेमका कुठे शोधावा?

वाघोटनकाठ

नमस्कार. गेली तीन वर्षे मी विजयदुर्गच्या परिसरात, किनाऱ्यावरच्या खडपांवरून आणि वाघोटन खाडीच्या मुखाशी, गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जातो. माझ्याकडे ६००० आकाराची स्पिनिंग रील, म्हणजे रॉडवर बसवलेले आणि हँडल फिरवून लाईन गुंडाळणारे यंत्र, आहे. तिच्या गिअरचे प्रमाण ६.२ ला १ (हँडलच्या एका फेऱ्याला रोटरचे, म्हणजे लाईन गुंडाळणाऱ्या फिरत्या भागाचे, ६.२ फेरे) असून तिच्यावर ३० पौंडी, म्हणजे तेवढी ओढ सोसणारी, ब्रेड लाईन (विणलेली दोरी) भरलेली आहे.

दोन आठवड्यांपूर्वी उधाणाच्या भरतीला एक मोठी पाकट लागली. पाकट एकदा तळाला चिकटली की फारशी पळत नाही, शिळा ठेवल्यासारखी बसून राहते, त्यामुळे वीसेक मिनिटे रीलवर सलग आणि जबर ओढ होती. त्या वेळी हँडल फिरवताना आतून 'खर्र खर्र' असा आवाज येऊ लागला आणि तीच थरथर मुठीतही जाणवत होती. पाकट काठाला आणली आणि गळ काढून सोडून दिली. घरी येऊन रील फिरवली तर ती लोण्यासारखी फिरते आणि आवाजाचे नाव नाही. पुढच्या खेपेला खडकात अडकलेले शिशाचे वजन ओढताना मात्र पुन्हा तीच खरखर ऐकू आली.

मी हँडलच्या बुडाशी आणि लाईन रोलरवर (लाईन जिच्यावरून वळते त्या छोट्या चाकीवर) शिलाई मशीनचे तेल सोडून पाहिले, पण काहीही फरक पडला नाही. एका दुकानात रील दाखवली असता त्यांनी ती न उघडताच 'गिअर गेले आहेत' असे सांगितले आणि गिअरच्या जोडीची जी किंमत सांगितली ती नव्या रीलच्या निम्म्याच्या आसपास जाते. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष गिअरमध्येच आहे याची खात्री कशी करून घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खडपातला

तुम्ही खर्चाआधी विचारले हे फार चांगले केले. आवाज कुठून येतो हे ठरल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका. घरी रिकामी रील फिरवून या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळणार नाही, कारण जो दोष भाराखालीच बोलतो तो भार देऊनच शोधावा लागतो. खर्च न करता तीन गोष्टी तपासता येतात.

पहिल्यांदा रॉडवरचा संशय दूर करा. ब्रेड लाईन ताणाखाली गाईडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, जाताना गुणगुणते, आणि गाईडच्या सिरॅमिक कडीला बारीक तडा असेल तर तिथली खरखर रॉडमधून थेट रीलच्या पायापर्यंत पोहोचते आणि हाताला ती रीलमधूनच आल्यासारखी वाटते. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून सगळ्या बाजूंनी फिरवा. जिथे तडा असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात.

मग हँडल घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी लाईन ओढायला सांगा, म्हणजे ड्रॅग (ठरावीक ओढीनंतर लाईन सुटू देणारा ब्रेक) सरकू लागेल. या वेळी गिअर आणि रोटर स्थिर असतात. फिरतात ते फक्त स्पूल (लाईन गुंडाळलेली फिरकी) आणि लाईन रोलर. आवाज इथे आला तर दोष रोलरचा, ड्रॅगच्या चकत्यांचा किंवा स्पूलचा. इथे शांतता असेल तर ही सगळी मंडळी निर्दोष ठरतात आणि संशय रोटरकडे व आतल्या बाजूला सरकतो.

शेवटी लाईन बाजूला ठेवून डाव्या हाताचा तळवा रोटरवर हलका दाबून धरा आणि उजव्या हाताने हँडल सावकाश फिरवा. आता लाईनचा काहीच संबंध उरला नाही, तरीही मुख्य गिअर आणि पिनियनवर (रोटरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर) भार आला. इथे काय ऐकू येते ते कळवा.

करलीचा काटा

माझा अनुभव सांगतो. माझ्या रीलचा आवाज शंभर टक्के लाईन रोलरचा होता, त्यामुळे तुम्ही आधी तोच बदलून टाकावा असे मला वाटते. बेअरिंग इवलेसे असते आणि खारे पाणी सर्वांत आधी त्याच्याच अंगावर येते.

गिअरवाला

मी पिंपरी-चिंचवडला गिअरबॉक्सच्या जुळणीचे काम करतो आणि सुट्टीत कोकणात गरवायला येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी रिकामी रील शांत का असते ते पाहू. भार नसतो तेव्हा मुख्य गिअरचे आणि पिनियनचे दात एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात आणि त्यांच्यामध्ये ग्रीसचा थर शाबूत असतो. बेअरिंगमध्येही थोडी मोकळीक असते, त्यामुळे गोळ्यांच्या धावेवर गंजाने खड्डा पडला असला तरी गोळ्या त्यावर जोराने दाबल्या जात नाहीत. ओढ आली की हे सगळे बदलते: ग्रीसचा थर दाबला जाऊन बाजूला होतो, बेअरिंगमधली मोकळीक एका बाजूला संपते, रीलचे शरीर केसभर वाकते आणि दात आपल्या ठरलेल्या जागेवरून सरकतात. म्हणून 'घरी तर चांगली चालते' या निरीक्षणावरून दोषाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की स्पिनिंग रीलमध्ये लाईन रोटरच्या मध्यावरून येत नाही, ती रोटरच्या एका कडेला असलेल्या रोलरवरून वळून स्पूलवर जाते. म्हणजे माशाची सगळी ओढ रोटरच्या एका काठाला बसते आणि रोटर तिरका होऊ पाहतो. त्याला तिरके होऊ न देण्याचे काम पिनियनच्या पुढच्या बेअरिंगकडे असते. रीलमधल्या सगळ्या बेअरिंगांमध्ये मेहनतीची जागा ही, आणि रोटरखाली झिरपलेले पाणी साठण्याची जागाही नेमकी हीच.

आता एक मोजणी करून पाहा. हँडलवर खडूची खूण करा, भार देऊन अगदी सावकाश एक पूर्ण फेरा घ्या आणि ठोके मोजा. फेऱ्याला एकच ठोका येत असेल तर दोष हँडलबरोबर फिरणाऱ्या भागात आहे, म्हणजे मुख्य गिअरचा एखादा दात किंवा त्याच्या बाजूची बेअरिंगे. तुमचे प्रमाण ६.२ ला १ आहे, त्यामुळे फेऱ्याला सहा ठोके आले तर दोष रोटरच्या गतीने फिरणाऱ्या भागात, म्हणजे पिनियन किंवा त्याचे बेअरिंग यांत आहे. स्पूल वर-खाली होण्याच्या तालावर आवाज कमी-जास्त होत असेल तर मुख्य शाफ्ट आणि तो सरकवणारी यंत्रणा पाहावी लागेल.

'करलीचा काटा' यांनी सुचवलेल्या रोलरबद्दलही ही मोजणी बोलते. या आकाराच्या रीलमध्ये हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ९० ते १०० सेंटिमीटर लाईन गुंडाळली जाते आणि रोलरचा परीघ तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे रोलर एका फेऱ्याला तीसेक वेळा फिरतो. त्याचे ठोके सुटे ऐकूच येत नाहीत, सलग 'किर्रर' ऐकू येते. तुम्ही लिहिलेली 'खर्र खर्र' मला वेगळी वाटते, पण अंदाजापेक्षा मोजणी बरी.

वाघोटनकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवार होता, त्यामुळे सगळ्या तपासण्या शांतपणे करता आल्या.

रॉडच्या कड्यांमधून कापूस फिरवला आणि कुठेही तंतू अडकला नाही. हँडल धरून मुलाला लाईन ओढायला लावली, तेव्हा ड्रॅगची नेहमीची टिकटिक सोडली तर पूर्ण शांतता होती. तळवा रोटरवर दाबून हँडल फिरवले तेव्हा मात्र, कान अगदी रीलजवळ नेल्यावर, बारीक खरखर ऐकू आली.

पण तळव्याच्या दाबाचे मोजमाप ठेवता येईना, म्हणून भार मोजून द्यायचे ठरवले. माझी रॉड दोन तुकड्यांची आहे. तिचा फक्त खालचा तुकडा रीलसह हातात घेतला, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्याचे तोंड खाली केले आणि लाईनच्या टोकाला झाकणाची प्लास्टिकची बादली बांधली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा होता. दोन लिटरला रील गप्प होती. तीन लिटरला हाताला थरथर लागली, आवाज मात्र नव्हता. पाच लिटरला पाकटीच्या वेळची तीच खरखर जशीच्या तशी परत आली. मुलाने मोबाईल रीलच्या पायाशी धरून आवाज ध्वनिमुद्रित केला आणि नंतर तो अर्ध्या गतीने ऐकला. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला स्पष्ट सहा ठोके आहेत. आम्ही दोघांनी वेगवेगळे मोजले आणि दोघांचेही उत्तर सहाच आले.

मांडवीकाठची

तपासणी उत्तम झाली, पण दोन गोष्टी काळजीपोटी सांगते. बादलीचा प्रयोग करताना खाली कुणी उभे नाही ना हे पाहावे आणि हातमोजा घालावा, कारण ताणलेली ब्रेड लाईन बोटाला सुरीसारखी कापते. दुसरे म्हणजे पाच किलोचे वजन केवळ हँडलच्या जोरावर वर खेचण्याचा प्रयोग पुन्हापुन्हा करू नका. निदानापुरते ते ठीक आहे, पण रील ही विहिरीवरचा रहाट नव्हे.

तुमच्या पहिल्या लेखनातले एक वाक्य माझ्या मनात राहिले आहे. पाकट तळाला बसलेली असताना तुम्ही हँडल फिरवत होता. ज्या वेळी मासा हलत नाही त्या वेळी हँडल फिरवू नये. रॉड दोन्ही हातांनी सावकाश वर उचलावी, म्हणजे माशाला उचलण्याचे काम रॉडचा वाक आणि आपली पाठ करतात, आणि मग रॉड खाली नेता नेता जी सैल मिळेल तेवढीच गुंडाळावी. गुंडाळताना रीलवर थोडासाच ताण राहतो. तुमच्या रीलचे प्रमाण ६.२ आहे, ती वेगासाठी घडवलेली आहे. हँडलच्या एका फेऱ्याला जितकी जास्त लाईन आत येते तितका जास्त जोर हँडलला लावावा लागतो आणि तो सगळा जोर दातांवर जातो. आम्ही मांडवीच्या मुखाशी जड शिसे लावून गरवतो तेव्हा कमी प्रमाणाची रील घेतो, ती याच कारणासाठी.

ड्रॅग किती किलोवर लावलेला होता, हेही कळवावे. ३० पौंड म्हणजे सुमारे १३.६ किलो. त्याचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो, एवढ्यावर ड्रॅग सरकू लागला पाहिजे. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा काटा लाईनच्या टोकाला अडकवून हे घरी मोजता येते.

वाघोटनकाठ

ताई, तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. आज काट्याने मोजले तर माझा ड्रॅग सात किलोच्या पुढे गेल्यावर सरकला. आजवर मी तो केवळ हाताच्या अंदाजाने आवळत आलो होतो. आता चार किलोवर आणून ठेवला आहे.

गिअरवाला

सहा ठोके आणि तीन किलोपासून थरथर, म्हणजे आता पिनियनच्या पुढच्या बेअरिंगवर माझा पहिला संशय आहे. रील उघडावी लागेल. टेबलावर पांढरे कापड अंथरा आणि निघालेला प्रत्येक भाग निघालेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जा. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर छायाचित्र घ्या, विशेषतः पातळ शिम (मोकळीक जुळवण्यासाठी घातलेल्या धातूच्या चकत्या) कोणत्या बाजूला किती होत्या याचे. स्क्रूच्या फुलीत चपखल बसणाराच पेचकस वापरा, कारण जपानी पद्धतीच्या फुलीत साधा पेचकस निसटतो आणि मऊ स्क्रूचे डोके खराब होते.

स्पूल काढल्यावर रोटरचा नट दिसेल. तो फिरू नये म्हणून त्यावर एक छोटी पट्टी आणि स्क्रू असतो, तो आधी काढा. काही रीलमध्ये या नटाचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो सुटत नसेल तर जोर लावण्याआधी थांबा आणि दुसऱ्या दिशेने हलक्या हाताने पाहा. रोटर निघाला की त्याखाली उलटे फिरणे रोखणारा क्लच असतो. तो अखंड बाहेर काढून कोरड्या डबीत झाकून ठेवा, कारण त्यातले छोटे रोलर आणि स्प्रिंगा विखुरल्या तर पुन्हा बसवणे फार जिकिरीचे होते. क्लचच्या खाली पिनियनचे बेअरिंग दिसेल.

बेअरिंग तपासण्याचीही एक रीत आहे. नुसते बोटावर भिरभिरवून पाहू नका, तिथेही रिकाम्या रीलसारखीच फसगत होते. आतली कडी बोटाने एका बाजूला दाबून, थोडी पिळत, सावकाश फिरवा. दोष असेल तर बोटाला वाळूचा कण अडकल्यासारखे लागते.

वाघोटनकाठ

रील उघडली. रोटर उचलताच खाली गढूळ चहासारखे तपकिरी पाणी दिसले. पिनियनच्या बेअरिंगभोवतीचे ग्रीस साबणाच्या फेसासारखे पांढुरके झाले होते आणि बाहेरच्या कडीवर अर्ध्या भागात लालसर गंजाची रेघ होती, उरलेला अर्धा भाग मात्र स्वच्छ. मोकळे फिरवले तर बेअरिंग झकास फिरते. तुम्ही सांगितले तसे दाबून पिळत फिरवले, तेव्हा एका ठरावीक जागी 'कट्' असे बोटाला लागले. पुन्हा फिरवले की पुन्हा तिथेच.

मुख्य गिअर पेट्रोलने धुऊन, खिडक्या उघड्या ठेवून, दिव्याखाली भिंगातून पाहिला. एकही दात तुटलेला नाही. दातांच्या एका अंगाला चकाकी आली आहे, पण नखाला खाच लागत नाही. पिनियनचे दातही शाबूत आहेत. ज्या गिअरच्या जोडीसाठी मला निम्मी रक्कम सांगितली होती ती बदलण्याची गरजच नव्हती, हे पाहून फार हायसे वाटले.

गिअरवाला

अर्ध्याच कडीवर गंज आहे, आणि सहाच ठोके का पडत होते ते यातूनच कळते. ओढ नेहमी रोलरच्या बाजूला असते आणि रोलर रोटरबरोबर फिरतो. म्हणजे बेअरिंगवरचा दाबही रोटरबरोबर गोल फिरत असतो, आणि बाहेरची कडी मात्र रीलच्या शरीरात बसून स्थिर असते. तिच्यावरच्या खड्ड्यांच्या जागेवरून हा दाब रोटरच्या प्रत्येक फेरीला एकदा जातो. रोटरच्या सहा फेऱ्या, सहा ठोके. तुम्ही रील ज्या बाजूवर आडवी ठेवत असाल त्या बाजूला खारे पाणी साठून तेवढाच भाग गंजला असावा.

बेअरिंग व्हर्निअरने मोजा आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी अशा क्रमाने आकडे लिहा. ७, १४ आणि ५ मिलिमीटर आले तर बाजारात ते ६८७ झेडझेड या क्रमांकाने मिळते. नुसते ६८७ झेडझेड मागितले तर साध्या क्रोम पोलादाचे मिळेल आणि ते खाऱ्या हवेत लवकर गंजेल. आधी 'एस' अक्षर असलेले, म्हणजे स्टेनलेसचे, मागून घ्या. रीलच्याच खुणेच्या पुडीतले बेअरिंग घ्यावे लागते असे नाही, माप, मोकळीक आणि धातू जुळला की झाले.

वाघोटनकाठ

मोजमाप ७, १४, ५ असेच आले. बेअरिंग कोल्हापूरच्या एका दुकानातून कुरिअरने मागवले आणि कुरिअरसह ३०० रुपयांच्या आत काम झाले. रोलरचेही ४, ७ आणि २.५ मापाचे बेअरिंग त्याच पुडीत मागवून बदलले, कारण तेही थोडे जड फिरत होते.

सर्व जुळणी करून, चाचणीपुरता ड्रॅग आवळून बादली बांधली. खरखर पूर्ण गेली, पण आता एक नवीनच आवाज आला आहे. पाच लिटरला सलग, बारीक, शिटीसारखा 'हूंऽऽ' असा सूर निघतो आणि हँडल पूर्वीपेक्षा किंचित जड वाटते. बेअरिंग चुकीचे बसले असेल का?

गिअरवाला

बेअरिंग चुकीचे बसले असते तर रोटर डगमगला असता. जड हँडल आणि सलग सूर ही दातांची मोकळीक संपल्याची खूण आहे. छायाचित्रे पाहून मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंच्या शिम मोजा. एखादी शिम जुन्या ग्रीसमुळे बेअरिंगला चिकटून दुसऱ्या बाजूला गेली असण्याची शक्यता दाट आहे. शिमची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात असते, पण मागची शिम पुढे किंवा पुढची मागे गेली की गिअर तेवढाच पिनियनमध्ये रुततो.

खात्रीसाठी आमच्या कारखान्यात गिअर जुळवताना करतात तेच करा. मुख्य गिअरचे दात कोरडे पुसून त्यांना निळ्या मार्करने रंगवा. ग्रीस न लावता जुळणी करा, रोटरवर तळवा दाबून हँडलचे चार-पाच सावकाश फेरे घ्या आणि पुन्हा उघडा. शाई जिथून पुसली गेली तिथे दात एकमेकांना भिडतात. पुसलेला पट्टा दाताच्या मधल्या भागात असला पाहिजे. तो बुडाशी असेल तर गिअर फार आत आहे, आणि फक्त टोकाशी असेल तर फार दूर.

वाघोटनकाठ

अगदी तसेच निघाले. उजव्या बाजूला दोन शिम असायला हव्या होत्या तिथे एकच होती आणि दुसरी डाव्या बेअरिंगच्या मागे चिकटलेली सापडली. निळी शाई दातांच्या बुडाशी पुसली गेली होती. शिम जागेवर घेतली, पुन्हा शाई लावली, आणि या वेळी पुसलेला पट्टा मध्यावर आला. हँडल आडवे हलवल्यावर केसभर हालचाल जाणवते. एवढी मोकळीक हवीच असते ना?

गिअरवाला

केसभर हवीच. ती जाणवेनाशी झाली तर भाराखाली दात रडतात, आणि 'टक' असा आवाज येण्याइतकी वाढली तर दात एकमेकांवर आपटतात. आता शाई पूर्ण पुसून दातांवर पाण्याला दाद न देणारे मरीन ग्रीस ब्रशने पातळ लावा. पोकळीत ग्रीस ठासून भरू नका. पिनियनच्या बेअरिंगला तेच ग्रीस चालेल, लाईन रोलरला पातळ तेल पुरे. क्लचमध्ये मात्र ग्रीसचा कणही जाऊ देऊ नका, तिथे पातळ तेलाचा एकच थेंब. तिथे ग्रीस गेले तर गळ रोवताना रोटर मागे घसरतो आणि दणका बसतो.

खडपातला

पाणी आत गेले कसे, याचाही शोध लागला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी हीच पाळी येईल. वाघोटनकाठ, गरवून आल्यावर तुम्ही रील कशी धुता?

वाघोटनकाठ

अंगणातल्या नळाच्या पाइपने, तोंडावर बोट धरून जोराची धार मारत असे. मीठ निघून जावे म्हणून मुद्दाम रोटरच्या खालीही धार सोडत होतो.

खडपातला

मग तुमच्या रीलमध्ये खारे पाणी बहुधा त्याच वेळी गेले. पृष्ठभागावरचे मीठ जोराच्या धारेबरोबर विरघळून रोटरखालच्या फटीतून थेट बेअरिंगपर्यंत जाते आणि तिथे पाणी सुकले तरी मीठ राहते. ते मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. कोकणातल्या दमट हवेत ते बेअरिंग कोरडे असे कधी राहतच नाही.

मी असे करतो. ड्रॅग पूर्ण आवळतो, म्हणजे चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही. रॉड उभी न ठेवता आडवी धरतो आणि झाडांवर पाणी फवारण्याच्या बाटलीने गोड्या पाण्याचा हलका फवारा बाहेरून मारतो. मऊ फडक्याने पुसून रील सावलीत वाऱ्यावर ठेवतो. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करतो, कारण आवळलेल्या चकत्या तशाच राहिल्या तर त्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी मासा पळताना ड्रॅग धक्के देत सरकतो. लाटेखाली किंवा वाळूत रील बुडालीच, तर मात्र फवाऱ्यावर भागत नाही, त्याच आठवड्यात ती उघडावी.

मांडवीकाठची

याला माझी पुरवणी अशी की पावसाळ्यात रील कपाटात बंद करून ठेवू नये. जूनच्या आधी एकदा उघडून, पुसून, ताजे ग्रीस लावून उघड्या जागी टांगून ठेवावी.

वाघोटनकाठ

काल दुपारच्या ओहोटीनंतर, भरती चढू लागताच पुन्हा त्याच खडपावर गेलो होतो. दोन तासांनी तीन किलोच्या आसपासची तांबोशी लागली. तांबोशी लागताच खडकाकडे धाव घेते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात तिला रोखावेच लागते आणि सगळा ताण त्याच वेळी येतो. चार किलोवर लावलेला ड्रॅग एकसारखा सरकला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे रॉड उचलून, खाली नेता नेता गुंडाळत आणली. माझे सगळे लक्ष माशापेक्षा आवाजाकडेच होते. लाईन कड्यांमधून जाताना होणारी बारीक सळसळ ऐकू येत होती. खरखर नव्हती आणि मुठीला थरथरही लागली नाही.

जुने बेअरिंग मी एका डबीत जपून ठेवले आहे. आमच्या गावात गरवणारी आणखी चार-पाच मुले आहेत, त्यांच्या हातात देऊन आधी मोकळे आणि मग दाबून फिरवायला सांगतो.

करलीचा काटा

एक शंका. माझ्या नव्या, थोड्या मोठ्या रीलमध्ये पिनियनला पुढे आणि मागे अशी दोन बेअरिंगे आहेत. पुढचे बदलायची वेळ आली तर मागचेही बदलावे का?

गिअरवाला

मागच्या बेअरिंगपर्यंत पाणी कमी पोहोचते, पण पुढचे झिजून पिनियन तिरका चालू लागला असेल तर त्याचा भार मागच्यावर गेलेला असतो. रील तिथवर उघडलेलीच असते, त्यामुळे दाबून फिरवून पाहा आणि थोडी जरी शंका आली तरी दोन्ही बदला. मात्र दोन्हींची मापे स्वतंत्र घ्या. अनेक रीलमध्ये ती वेगळी असतात, आणि पुढच्याच मापाची दोन बेअरिंगे मागवली तर मागचे बसणार नाही.